लेक लेनियरची थंडी आणि मेगाबास व्हिजन ११०: पंचवीस डॉलरचा जर्कबेट घ्यावा का?

आधी निकालच सांगून टाकतो, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. अटलांटाच्या आसपास राहत असाल आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत लेक लेनियरवर बास मासे धरायची मनापासून इच्छा असेल तर मेगाबासचा व्हिजन ११० हा जर्कबेट (म्हणजे झटके देत ओढायचा नकली मासा, अशा नकली भक्ष्याला ल्युअर म्हणतात) घ्या, पण एकच घ्या, एकदम चार-पाच रंग उचलू नका. पंचवीस डॉलरच्या आसपास बसतो, एका प्लास्टिकच्या माशाला एवढे पैसे म्हटल्यावर घरातले बोलणारच, पण गार पाण्यात ज्या एका गुणासाठी आपण पैसे मोजतो तो गुण ह्याच्यात पुरेपूर आहे, तो म्हणजे मध्यपाण्यात जागच्या जागी न हलता उभं राहणं. उन्हाळ्यात मला विचाराल तर मी सांगेन नका घेऊ, दहा डॉलरवाला घ्या आणि खुशाल मासे धरा. हिवाळ्यासाठी मात्र माझं मत पक्कं आहे.

आता ह्या उभं राहण्याला एवढा भाव का ते नीट सांगतो, कारण ते डोक्यात बसलं नाही तर ल्युअर कितीही महागातला घ्या, उपयोग नाही. बास थंड रक्ताचा मासा. पाणी जेवढं गार तेवढं त्याचं सगळं सावकाश, पचन सावकाश, हालचाल सावकाश, एकदा पोटभर खाल्लं की पुढे बराच वेळ त्याला भूक नाही. जो मासा जूनमध्ये पाण्याबाहेर उडी मारून भक्ष्य पकडतो तोच जानेवारीत दोन फुटांवर आलेलं भक्ष्य नुसतं बघत राहतो. खात नाही असं नाही, खातो, पण ज्याच्यामागे पळावं लागणार नाही असंच खातो. लेनियरमध्ये त्याचं मुख्य खाणं म्हणजे थ्रेडफिन शॅड आणि ब्लूबॅक हेरिंग हे छोटे मासे, आणि ह्यातला शॅड फार नाजूक, त्याला गारठा सोसतच नाही, पाणी ४५ डिग्री फॅरनहाइटच्या म्हणजे साधारण ७ सेल्सिअसच्या आसपास आलं की तो अर्धमेला होतो, मधेच एक झटका देतो, थरथरतो, परत तसाच पाण्यात अडकल्यासारखा थांबतो. बासला असा शॅड दिसला की बिनकष्टाचं जेवण दिसतं. जर्कबेटने नेमकी हीच नक्कल करायची असते, दोन झटके आणि मग थांबा. झटके कुठलाही जर्कबेट देतो हो, थांबणं सगळ्यांना जमत नाही, कोणी हळूहळू वर येतो, कोणी नाक खाली करून बुडतो, आणि वीस सेकंदांच्या थांब्यात असं काही झालं की मागे येऊन बघत बसलेला मासा वळून निघून जातो.

लेनियर माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: हे नैसर्गिक तळं नाही, धरणाचं पाणी आहे. चॅटाहूची नदीवर ब्यूफर्ड डॅम, काम १९५० मध्ये सुरू आणि १९५६ मध्ये पाणी अडवलं, यूएस आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सच्या ताब्यात, नाव जॉर्जियाचे कवी सिडनी लेनियर ह्यांच्यावरून. सुमारे ३८ हजार एकर पाणी. डोंगराळ भाग बुडवून झालेलं धरण असल्यामुळे किनारा सगळा बोटांसारखा फाकलेला, शेकडो खाड्या, आणि तळाशी जुन्या घळी तशाच आहेत. कमिंग, जॉन्स क्रीक, अल्फारेटा ह्या पट्ट्यात आपली मराठी मंडळी भरपूर, कित्येकांच्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर हे पाणी आहे, आणि उन्हाळ्यात सगळे तिथे बार्बेक्यू करायला जातात पण हिवाळ्यात कोणी फिरकत नाही. खरं तर लेनियरचा हिवाळा म्हणजे सोनं आहे. जेट स्की नाहीत, पार्टीच्या बोटी नाहीत, लाटा नाहीत, पाणी स्वच्छ, आणि इथला जो मुख्य बास आहे, स्पॉटेड बास, त्याला सगळे नुसतं स्पॉट म्हणतात, तो लार्जमाउथ ह्या दुसऱ्या जातीच्या बासपेक्षा थंडीत जास्त जागा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत मोठ्या पाण्याचं तापमान पन्नास फॅरनहाइटच्या थोडं खाली-वर फिरतं, वरच्या खाड्यांमध्ये अजून गार. तिकडे मिनेसोटात ह्या दिवसांत बर्फाला भोक पाडून गळ सोडतात, त्या मानाने आपल्याकडे बरंच सुसह्य आहे, पण सकाळी सहाला रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो एवढी थंडी इथेही पडते.

आता वस्तूबद्दल. मेगाबास ही जपानी कंपनी, हामामात्सुची, युकी इतो ह्यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली. व्हिजन ११० म्हणजे ११० मिलिमीटर लांब, साधारण सव्वाचार इंच, वजन अर्धा औंस म्हणजे १४ ग्रॅम, खाली तीन ट्रेबल (तीन टोकांचे) हूक, पुढे एक छोटी चोच, त्या चोचीमुळे चार ते सहा फूट खोल जातो. हातात घेतला की पहिल्यांदा रंगकाम नजरेत भरतं, खवले, कल्ले, डोळा, सगळं इतकं बारीक केलेलं आहे की शोकेसमध्ये ठेवावंसं वाटतं, पण मासा त्यासाठी खात नाही त्यामुळे त्याचे मार्क मी देत नाही. मार्क देतो आतल्या वजनाला. पोटात टंगस्टनचे गोळे आहेत जे फेकताना मागे सरकतात आणि पाण्यात पडल्यावर पुढे येऊन बसतात. एवढ्या सडपातळ अंगाचा ल्युअर समोरच्या वाऱ्यात फेकायचा म्हणजे एरवी डोकेदुखी, तो हवेतच गटांगळ्या खातो आणि दहा वावांवर पडतो, हा सरळ बाणासारखा जातो. हिवाळ्यात ह्याचं महत्त्व जास्त कारण लेनियरचं पाणी काचेसारखं, बोट किंवा माणूस जवळ आला की स्पॉट सावध होतो, लांबूनच फेकावं लागतं, आणि जर्कबेटचे चांगले दिवस म्हणजे वाऱ्याचे दिवस.

दुसरा मार्क झटक्याला. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ढिला ठेवून मनगटाने एक छोटा हिसका दिला की हा एका जागी डावीकडे मान टाकतो, पुढच्या हिसक्याला उजवीकडे, आणि पुढे फार सरकत नाही. हे पुढे न सरकणं थंडीत फार मोलाचं. समजा वाळूच्या टोकाजवळ पाच फूट पाण्यात एक झाड बुडालेलं आहे, मासा त्याच्या सावलीत आहे, तर प्रत्येक हिसक्याला तीन फूट पुढे पळणारा ल्युअर दोन हिसक्यांत माशाच्या टप्प्याबाहेर जातो, हा तिथल्या तिथे चार वेळा मान हलवून पुन्हा उभा राहतो. मासा गार पाण्यात जागा सोडत नाही तर मग ल्युअरने त्याच्या दारात थांबायला हवं, साधा हिशोब आहे.

तिसरा आणि सगळ्यात मोठा मार्क थांब्याला. पन्नास फॅरनहाइटच्या आसपासच्या पाण्यात, दहा पाउंड ताकदीच्या फ्लुरोकार्बनच्या तंगुसावर, हा जवळजवळ आडवा, नाक किंचित खाली करून थांबतो. अगदी मंद हेलकावा असतो अंगाला, पण वर-खाली जाणं नाही. मी बोटीच्या कडेला वाकून बराच वेळ बघत बसलोय, समाधान वाटतं बघून.

किती थांबायचं हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पाणी पन्नासच्या वर असेल तर चार-पाच सेकंद. पंचेचाळीस ते पन्नास, तर दहा ते पंधरा. त्याच्याखाली वीस, तीससुद्धा. आणि हे सेकंद खरेखुरे मोजायचे, कारण गारठलेल्या माणसाचे दहा सेकंद चारच असतात. आमच्याकडे एक काका आहेत, मूळचे हर्णैचे, लहानपणी जेटीवर गरवण्यात दिवस गेलेले, आता रिटायर होऊन मुलाकडे कमिंगला असतात आणि अॅल्युमिनियमची छोटी बोट घेतलीये. त्यांच्याबरोबर गेलं की हिवाळी बासचं शिक्षण फुकट मिळतं. मी रील फिरवायला हात नेला की मागून आवाज येतो, "अरे बाबा, ठेव ना तसाच, कशाला ओढतोस! त्याला बघू दे तरी." मी म्हटलं काका, एवढा वेळ झाला, नसेल तिथे कोणी, तर म्हणाले, "नसेल तर नसेल, आपल्याला कुठे लोकल पकडायचीये." आणि खरंच, थंडीत बहुतेक घास थांब्यातच लागतो. घास म्हणजे पण उन्हाळ्यासारखा दणका नाही, पुढच्या हिसक्याला नुसतं जड लागतं, ओलं फडकं अडकल्यासारखं, किंवा ढिला सोडलेला तंगूस एका बाजूला सरकायला लागतो. म्हणून डोळे तंगुसावर ठेवायचे. मोबाइल खिशातच राहू दे.

आता तंगुसाबद्दल सविस्तर लिहितो कारण पंचवीस डॉलरचा ल्युअर घेऊन चुकीच्या दोरीला बांधला तर तो पाच डॉलरच्या ल्युअरसारखा वागतो आणि मग लोक कंपनीला नावं ठेवतात. साधा नायलॉनचा मोनो पाण्यात बुडता बुडत नाही, ल्युअरला वर धरतो. ब्रेड म्हणजे विणलेला तंगूस, तो तरंगतो, शिवाय पाणी पितो आणि त्याच पाण्याचा रॉडच्या कड्यांत बर्फ होतो. फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा जड, तो बुडतो, ल्युअरला खाली जायला मदत करतो आणि स्वच्छ पाण्यात कमी दिसतो. दहा पाउंडाचा सगळीकडे चालतो, अजून एखादा फूट खोल हवा असेल तर आठचा लावा, पण बुडालेल्या झाडांजवळ आठ म्हणजे छातीत धडधड. बाराचा लावला की ल्युअर वरून चालतो आणि नाक जास्त खाली होतं. स्पिनिंग रील वापरणाऱ्यांनी मागे बारीक ब्रेड आणि पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे ल्युअरजवळचा तुकडा, ठेवला तरी ठीक, कडाक्याची थंडी नसेल तर. रॉड सात फुटाच्या आतला आणि मिडीयम घ्या, हिसका खाली पाण्याच्या दिशेने द्यायचा असतो, लांब रॉडचं टोक पाण्यावर आपटतं.

अजून एक महत्त्वाची गोष्ट, ह्याच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पाणी गार होत जातं तसं ते जड होतं, ४ सेल्सिअसला सगळ्यात जड. म्हणजे जो ल्युअर ऑक्टोबरच्या पाण्यात अगदी समतोल उभा राहतो तोच जानेवारीच्या पाण्यात किंचित हलका पडून वर यायला बघतो. त्यामुळे घरी बाथटबमध्ये, बेसिनमध्ये ल्युअर सोडून "हा बुडतो" किंवा "हा तरंगतो" असं ठरवू नका, घरातलं पाणी लेकच्या पाण्यापेक्षा केवढं तरी कोमट असतं. धक्क्यावर उभं राहून, जो तंगूस लावणार तोच लावून, लेकच्याच पाण्यात बघा. किंचित वर येत असेल तर स्टॉर्म कंपनीच्या सस्पेंडॉट्स म्हणून वजनाच्या चिकट टिकल्या मिळतात, पोटाला पुढच्या हुकाच्या मागे एक लावा, बघा, पुन्हा एक लावा. पुढे सरकवून लावली की नाक खाली होतं, मागे लावली की आडवा राहतो. ल्युअर पूर्ण कोरडा पुसून मग लावायची नाहीतर दुसऱ्याच फेकीला गळून पडते. अगदी मंदपणे वर येणारा जर्कबेटसुद्धा मला चालतो, अर्धमेला शॅड तसाही करतो, पण बुडणारा नको, बुडणारा झाडात अडकतो आणि पंचवीस डॉलर तिथेच राहतात.

ह्यावरून आठवलं, उभं राहणाऱ्या जर्कबेटचा शोध काही जपानने एकट्याने लावलेला नाही. स्मिथविक रॉग हा अमेरिकेचा जुना, लुइझियानातून आलेला जर्कबेट, तो मूळचा तरंगणारा, आणि मिसूरी-आर्कान्सामधल्या ओझार्कच्या धरणांवर, टेबल रॉकवर वगैरे, जुन्या लोकांनी त्याच्या हुकांना शिशाची तार गुंडाळून तो हिवाळ्यात पाण्यात उभा करायची युक्ती केव्हाच काढली होती. नंतर कारखान्यातूनच उभे राहणारे यायला लागले. रापालाचा हस्की जर्क दहा डॉलरच्या आत-बाहेर मिळतो, आणि ज्याला नुसतं सुरुवात करून बघायचंय त्याला मी आधी तोच सांगतो. बिचारा अगदी प्रामाणिक ल्युअर आहे, उभा चांगला राहतो, चोचही मजबूत, फक्त हिसक्याला एवढा मोकळा वळत नाही आणि वाऱ्यात लांब जात नाही. लकी क्राफ्टचा पॉइंटर १०० हा दुसरा जपानी, तोही सुरेख, अंगाने जरा गुबगुबीत आणि लांबीला थोडा कमी, मासे लहान भक्ष्य खात असतील तेव्हा मला तो जास्त आवडतो. स्ट्राइक किंगचा केव्हीडी जर्कबेट स्वस्त आणि मस्त, पन्नासच्या वरच्या पाण्यात, मार्चमध्ये, मी व्हिजनच्या आधी तोच काढतो कारण तेव्हा थांबा छोटा असतो आणि मग पंधरा डॉलर जास्त देण्यात अर्थ नाही. व्हिजनचाच थोडा मोठ्या चोचीचा भाऊ आहे, ११० प्लस वन, तो दोन-तीन फूट जास्त खोल जातो, लेनियरवर ज्यांच्याकडे बोट आहे त्यांनी दुसरा घ्यायचाच झाला तर तो घ्यावा. काठावरून धरणाऱ्यांना साधा ११० पुरतो.

काठावरून म्हणजे कुठे, तर कमिंगमधलं मेरी अॅलिस पार्क किंवा टिडवेल पार्क, ब्यूफर्ड डॅमजवळचं पार्क, अशा ठिकाणी लाल मातीची आणि दगडांची टोकं पाण्यात घुसलेली असतात, तिथे वारा अंगावर येणारी बाजू धरा. हो, अंगावर येणारी, थंडी वाजते पण मासा तिकडेच. वाऱ्याने पाण्याचा पृष्ठभाग मोडतो, उजेड फुटतो, मग स्पॉटला ल्युअर नीट निरखायला मिळत नाही आणि तो पटकन निर्णय घेतो. सगळ्यात खराब दिवस म्हणजे थंडीची लाट येऊन गेल्यावरचं निळंशार आकाश आणि आरशासारखं पाणी. सगळ्यात चांगला दिवस म्हणजे तीन-चार दिवस हवा जराशी उबदार होत गेली, ढग आले, दक्षिणेचा वारा सुटला, आणि आपण सुट्टी टाकू शकलो. बोटवाल्यांसाठी सकाळी पहिला तासभर घळींची टोकं, म्हणजे खाडीच्या आतल्या बाजूला जिथे बुडालेली घळ उथळ होत जाते ती जागा, कारण हेरिंग पहाटे तिथे वर चढतात आणि त्यांच्यामागे स्पॉट येतात. ऊन वर आलं की दोघेही खोल उतरतात.

आणि इथेच ह्या ल्युअरची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. मासा तीस-चाळीस फुटांवर गेला की व्हिजन ११० पेटीत ठेवून द्या. स्वच्छ पाण्यात स्पॉट आठ-दहा फूट वर चढून येऊन जर्कबेट घेतो हे खरं आहे, पण चाळीस फुटांवरून कोणी वर येत नाही. तेव्हा खोल पाण्यातल्या, म्हणजे चमचा, ड्रॉप शॉट, छोटा अंडरस्पिन (खाली फिरतं पातं असलेला ल्युअर), ह्या गोष्टी. २०१५ चा बासमास्टर क्लासिक, म्हणजे बास धरायची मोठी स्पर्धा, आठवा, फेब्रुवारीत लेक हार्टवेलवर झालेला, म्हणजे आपल्या जॉर्जिया-साउथ कॅरोलायनाच्या हद्दीवर, तिथेही ब्लूबॅक हेरिंगच. गारठा एवढा की पहिल्या दिवशी बोटी सोडायलाच उशीर झाला. केसी अॅशली जिंकला, तिथलाच साउथ कॅरोलायनाचा मुलगा, आणि जिंकला तो वडिलांनी घरी बनवलेल्या अंडरस्पिनवर. महागडा ल्युअर म्हणजे सगळं काही असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे नेहमी सांगतो. गढूळ पाण्यातही ह्याचा उपयोग नाही, मोठा पाऊस होऊन खाडी चहाच्या रंगाची झाली असेल तर मासा जर्कबेट लांबून बघूच शकत नाही, त्या दिवशी चांगल्या पाण्याच्या शोधात धरणाच्या बाजूला सरका.

लाइव्ह सोनार असलेल्यांना माझी एवढी बडबड कदाचित लागणार नाही, स्क्रीनवर मासा दिसतो, ल्युअर दिसतो, मासा मागे येऊन थांबलाय तेही दिसतं. त्यावर मी काही बोलत नाही, ज्याला परवडतं त्याने घ्यावं. एक फायदा मात्र मला त्याचा मान्य आहे, वीस सेकंद थांबायचा धीर लोकांना त्या स्क्रीनमुळे येतो.

जपानचं आणि जॉर्जियाचं बासवरून एक नातं आहे ते सांगायचा मोह आवरत नाही. लार्जमाउथचा जागतिक विक्रम जॉर्जियाचा, १९३२ मध्ये जॉर्ज पेरी ह्यांनी माँटगोमेरी लेकमध्ये धरलेला २२ पाउंड ४ औंसाचा मासा. तो सत्याहत्तर वर्षं टिकला आणि २००९ मध्ये मानाबू कुरिता ह्यांनी जपानच्या बिवा तळ्यात त्याच्यापेक्षा जेमतेम एक औंस जास्त वजनाचा धरला, पण विक्रम मोडायला निदान दोन औंसांचा फरक लागतो म्हणून आज दोघांचं नाव बरोबरीने आहे. आणि गंमत म्हणजे बास हा जपानचा मासाच नाही, १९२५ मध्ये अमेरिकेतून नेऊन आशी तळ्यात सोडलेला. तिकडे आता तो परका उपद्रवी मासा मानतात, तरी त्याच्यासाठी जगातले सगळ्यात देखणे ल्युअर तिथेच बनतात.

थंडीच्या तयारीबद्दल, ह्यात कंजूषपणा करू नका. लाइफ जॅकेट अंगावर पाहिजे, सीटखाली नाही. पन्नास डिग्रीच्या पाण्यात पडलात तर पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही आणि थोड्या वेळात बोटं चालेनाशी होतात, चांगला पोहणारासुद्धा बोटीची कड धरू शकत नाही. विहिरीत, कृष्णेत पोहलेल्या आपल्या लोकांना पोहण्याचा फार भरवसा असतो, तो इथे बाजूला ठेवा. एकटे बोट काढू नका. हातासाठी बोटं उघडी असलेले लोकरीचे मोजे, खिशात हँड वॉर्मर, आणि एक सुका टॉवेल फक्त हात पुसायला, कारण मासा सोडल्यावर हात ओला राहिला की पुढचा तासभर गाठ बांधता येत नाही. कड्यांत बर्फ धरला तर ठोकून काढू नका, आतली रिंग तडकते, रॉडचं टोक पाण्यात बुडवून हलवा, पाणी हवेपेक्षा गरमच असतं. थर्मासमध्ये आल्याचा चहा, संक्रांतीच्या सुमारास डब्यात गुळपोळी, लेकवर गार गुळपोळी तुपाशिवायसुद्धा काय लागते ते जाऊनच बघा. आणि वयाची सोळा वर्षं पूर्ण असतील तर जॉर्जियाचं फिशिंग लायसन्स हवंच, ऑनलाइन पाच मिनिटांत निघतं.

विकत घेताना एक काळजी. ह्या ल्युअरच्या नकला भरपूर फिरतात, हुबेहूब रंग, हुबेहूब खोका, किंमत सहा-सात डॉलर. ओळखीतल्या एकाने एका साइटवरून मागवला होता, दिसायला डिट्टो, पण पाण्यात टाकला की शेपटीवर उभा राहायचा आणि आतले गोळे कुठेतरी अडकून बसायचे. त्यापेक्षा त्याच पैशात खरा हस्की जर्क घ्या. अस्सल माल टॅकलच्या दुकानात हातात घेऊन, हलवून, आवाज ऐकून घ्यावा. रंगाचं म्हणाल तर स्वच्छ पाणी आणि ऊन असेल तर प्रो ब्लू, हेरिंगच्या अगदी जवळचा, पाठ निळसर, अंग आरपार. ढगाळ दिवसाला, किंवा पाण्यात जरा हिरवटपणा असेल तर एलिजी बोन, हाडासारखा पांढरा. एकच घ्यायचा तर लेनियरसाठी मी प्रो ब्लू म्हणेन.

हूक अतिशय धारदार येतात, हे चांगलंच, थंडीत मासा हलकेच तोंड लावतो तेव्हा तीच धार कामाला येते, पण तीन ट्रेबल म्हणजे नऊ टोकं आणि वळवळणारा मासा, त्यामुळे लांब नाकाची पक्कड हाताशी ठेवा आणि मोजे घातलेल्या हाताने हूक काढायला जाऊ नका, लोकरीत अडकला की मासा एकीकडे आणि तुम्ही एकीकडे. जर्कबेटवर लागलेला मासा उथळ पाण्यातला असतो, चाळीस फुटांवरून ओढून आणलेल्या माशासारखं त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचं गणित बिघडत नाही, म्हणून सोडला की छान सरसरत खाली जातो. मोठे स्पॉट मी सोडूनच देतो, तुम्हीही सोडा, एवढा मोठा व्हायला त्याला बरीच वर्षं लागलेली असतात. फोटो काढायचा तर पटकन काढा, कडक थंडीत माशाला हवेत फार वेळ धरलं की डोळे आणि कल्ले गारठतात.

हूक बदलायची वेळ आली तर त्याच वजनाचे घ्या, एक नंबर मोठा लावला तरी सगळा तोल जातो आणि ज्या उभं राहण्यासाठी पैसे दिले तेच बिघडतं. मासे चावून रंग उडाला, ओरखडे आले, तर बिनधास्त वापरत राहा, थांब्यात काही फरक पडत नाही. फक्त चोच तपासत जा, दगडावर आपटून बारीक तडा गेला असेल तर ल्युअर एका बाजूला पळायला लागतो. आणि घरी आल्यावर पेटी बंद करून गॅरेजमध्ये टाकू नका, रात्रभर उघडी ठेवून सगळं वाळू द्या, नाहीतर पुढच्या शनिवारी नऊच्या नऊ टोकांना गंज.